उधाणाच्या तारखा

वहिनीने स्वयंपाकघराला रंग द्यायचं ठरवलं, म्हणून मी दोन दिवस रजा टाकून पेणच्या खारेपाटातल्या आमच्या घरी गेले होते. मी फळ्यांवरचे डबे उतरवायचे आणि डब्यांखाली अंथरलेले कागद वहिनीने ओढून कोपऱ्यात टाकायचे, अशी आमची कामाची वाटणी. बहुतेक कागद वर्तमानपत्राचे निघाले. अगदी वरच्या फळीवर मात्र, वर्षाच्या मसाल्याच्या बरण्यांखालून, एक लांबलचक पट्टा निघाला. दोन्ही कडांना ओळीने बारीक भोकं, एक पट्टी पांढरी, एक फिकट हिरवी, आणि हळदीच्या डागांतून डोकावणारी, ठिपक्याठिपक्यांनी काढलेली माणसांची नावं. मी तो कागद सरळ नाकाला लावला. प्रिंटरच्या शाईचा वास त्याला इतक्या वर्षांनी येत असेल असं नाही, पण मला आला.

"काय गो, रद्दी हुंगतेस?" वहिनी हसली.

"रद्दी काय? माझा चार्ट आहे हा."

"तुजाच तर व्हता. चांगला जाड कागद, वाया कशाला घालवायचा? झुरळ नाय फिरकलं कधी."

माझ्या पहिल्यावहिल्या कामाला इतकं प्रांजळ प्रशस्तिपत्रक दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. मी तिथेच पाटावर फतकल मारून बसले आणि नावं वाचत सुटले. डबे राहिले तसेच.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. पेणच्या बाजारात एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर कंप्युटरचा क्लास होता. जिन्याखाली चपला काढायच्या, पाय पुसायचे, मग वर. खालून कोऱ्या ताग्यांच्या खळीचा वास यायचा, वर उदबत्तीचा. मशीनं चार आणि आम्ही तीस. मशीनवर सरांच्या बायकोने शिवलेली झालरीची आच्छादनं असत. रोज सकाळी सर पहिल्या मशीनला उदबत्ती ओवाळत आणि मग वळून आम्हाला दम भरत, मशीनजवळ धूर नको, धूळ नको. हसू आलं तर ओढणीत तोंड खुपसायचं.

अर्धा तास मशीन मिळायचं, दीड तास वही. वहीत चौकोन काढायचे, बाण काढायचे, आणि जिथे प्रश्न येईल तिथे एक शंकरपाळं. हो असेल तर या बाजूने जा, नाही असेल तर त्या बाजूने. प्रोग्रॅम आधी कागदावर पेन्सिलीने चालवून बघायचा, मग सर तपासणार, मग मशीनची पाळी. एक पूर्णविराम विसरला की पडदाभर चुका, आणि तोवर अर्धा तास संपलेला. मला ते फार आवडायचं. आपण लिहिलं तसंच, अगदी तसंच, ते मशीन करतं, या गोष्टीचा मला रोज नव्याने आनंद व्हायचा.

गावात कुणी विचारलं, काय शिकतेस, तर सांगायची पंचाईत. सॉफ्टवेअर हा शब्द तोपर्यंत वडखळ नाकाही ओलांडून आलेला नव्हता. "म्हंजी टायपिंग?" बायका विचारत. मी नाही म्हणाले की त्यांना वाटे, टायपिंगसुद्धा जमलं नाही वाटतं. शेवटी आप्पांनीच, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक उत्तर ठरवून टाकलं. आप्पा उन्हाळ्यात मिठागरावर जात आणि पावसाळ्यात आमचं खारजमिनीतलं भात करत. शाळा चौथीपर्यंत. ते सांगत, "मशीनला काय करायचा ते ती लिवून देते. मशीन येडा असतो ना." पुढे मी या धंद्याच्या खूप व्याख्या ऐकल्या, इंग्रजीतून, पडद्यावर चित्रं दाखवून. आप्पांची अजून कुणी सुधारलेली नाही.

क्लास संपला आणि मला धाटावच्या एका केमिकल कंपनीत ट्रेनी म्हणून घेतलं. सहा महिने बघणार, काम पसंत पडलं तर कायम, नाही तर घरी. माझा दादा त्याच कंपनीत ऑपरेटर होता आणि आमच्या गावचे आणखी सोळाजण. कंपनीची बस खाडीकाठची गावं घेत वडखळला यायची, मग कासू, नागोठणे, आणि खिंड ओलांडून रोहा. धाटावला प्रत्येक गेटचा वास वेगळा. डोळे मिटून सांगता यायचं की बस कुठवर आली. पावसाळ्यात फ्लॉपी भिजू नये म्हणून मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्या पिशवीत ठेवायची. डब्यात बहुतेक वेळा सुकटीची चटणी. कंपनीच्या त्या पवित्र एसी खोलीत फ्लॉपी बाहेर काढली की सगळे एकमेकांकडे बघत.

ती खोली म्हणजे कंपनीतलं महाबळेश्वर. कामगार काहीतरी अर्ज घेऊन येत आणि दोन मिनिटं उगाच उभे राहत. प्रिंटर चालू झाला की करकर करकर असा आवाज, शेजारी बोललेलं ऐकू येत नसे, आणि कागद घडी घालत घालत खाली उतरे. तो आवाज ऐकला की मला वाटायचं, मी काहीतरी केलंय. मला ती नोकरी हवी होती. आप्पांनी दोन स्थळं माझ्यासाठी थांबवून ठेवली होती, "पोरीचं कंपनीत व्हतंय का बगू" म्हणून. सहा महिन्यांनी घरी बसावं लागलं तर त्यातलं एक येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

साहेबांनी मला काम दिलं ते शिफ्टच्या चार्टचं. कोण कुठल्या आठवड्यात पहिल्या शिफ्टला, कोण दुसऱ्या, कोण तिसऱ्या. तो चार्ट वर्षानुवर्षं टाइम ऑफिसातले भाऊ हाताने काढत. भाऊ रोह्याचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, कानावर कायम पेन्सिल. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर पट्टीने रेघा मारून ते दर महिन्याला चार्ट करत आणि त्यात दोन दिवस घालवत. "तुझा मशीन करणार असेल तर माझा डोका सुटला," म्हणाले. मी वही काढून त्यांच्यासमोर बसले. त्यांनी नियम सांगितले. दर आठवड्याला पाळी बदलायची, बॉयलरवर दोन जुने हात हवेतच, आठवडी सुट्टी एक.

"आणखी काही?" मी विचारलं.

"बाकी काय नाय. बाकी बगून करायचा."

बघून करायचं, हे काही शंकरपाळ्यात बसेना. मी सोडून दिलं. त्याच्या बदल्यात माझी अक्कल घातली. भाऊंच्या चार्टात एकेका गावची माणसं तिन्ही शिफ्टांत विखुरलेली असत, म्हणून बसला तीनदा तेवढंच फिरावं लागे. मी एका गावचे सगळे एका शिफ्टला आणले. साहेब भलतेच खूश झाले. "हा चार्ट तीन महिने बिनतक्रार चालू दे, तुझा कायमचा कागद वर पाठवतो," म्हणाले.

जुलैच्या पहिल्या सोमवारी गेटपाशी माझा चार्ट लागला. लोक त्याच्याभोवती जमले. आपापलं नाव सापडलं की त्या ठिपक्यांवरून बोट फिरवून बघत. भाऊंच्या चार्टापुढे दर महिन्याला भांडण व्हायचं, मला रविवार का नाही, त्याला का. माझ्या चार्टापुढे एक अवाक्षर नाही. मी खिडकीतून बघत होते आणि मनातल्या मनात हवेत होते.

पुढच्या रविवारी घरी जेवायला बसलो होतो. दादाचं लग्न त्याच मे महिन्यात झालेलं. वहिनी रोह्याच्या पलीकडच्या डोंगराकडच्या गावातली, खारेपाट तिला नवा. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून आप्पा म्हणाले, "बुधवारी पुनव. उधाण मोठा हाय यंदा." आणि पुन्हा जेवायला लागले.

वहिनीने वाढता वाढता सहज विचारलं, "सगली तर पयल्या शिफ्टला जानार. मंग बांधावर कोन जानार?"

दादाने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. आप्पांचा घास हातात राहिला.

आमच्याकडे शेतं खाडीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये मातीचा बांध, आणि शेतातलं पाणी सोडायला त्यात एक झडप, उघाडी. पुनवेला आणि अमावास्येला भरती चढते, तेव्हा भर दुपारी पाणी बांधाच्या डोक्याशी लागतं. तीन दिवस माणसं बांधावर उभी राहतात, खेकड्याच्या बिळातून झिरपायला लागलं की लगेच चिखल आणि पेंढा ठोकून बंद करतात. एका जागी बांध फुटला, खांड गेली, की खारं पाणी शेतभर. मग तीन वर्षं त्या मातीत भात होत नाही. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणी मी त्याच बांधावर चिखलाची घमेली दिली होती. आणि आषाढातल्या पुनवेला, ऐन दुपारी, गावचे सतरा धट्टेकट्टे पुरुष मी एका बसमध्ये घालून धाटावला पाठवत होते.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी दादाला विचारलं.

"काय बोलनार? मशीननं काडलंय."

"मशीनने नाही, मी काढलंय!"

"म्हनूनच," आप्पा म्हणाले. "देवळात बसून ठरवला सगल्यांनी. पोर आपली हाय, नोकरी नवीन हाय. बांध आमी म्हातारी आनि बायका बगून घेऊ. तिला सांगायचा नाय."

मला रडू फुटलं. सतरा घरांनी आपलं वर्षाचं भात माझ्या कायमच्या कागदासाठी पणाला लावलं होतं आणि मी आठवडाभर त्यांच्या गप्प बसण्याला शाबासकी समजत होते. इतकी लाज आणि इतकी माया मला एकाच वेळी पुन्हा कधी वाटलेली नाही.

सोमवारी बसमधून उतरले ती थेट टाइम ऑफिसात. भाऊंनी शांतपणे खण उघडून जुने चार्ट काढले. दर महिन्यात काही तारखांच्या डोक्यावर तांबड्या पेन्सिलीचे ठिपके. त्या ठिपक्यांखाली खाडीकाठच्या गावांची माणसं तिसऱ्या शिफ्टला. सकाळी सुटून आली की दुपारी बांधावर हजर.

"हे तुम्ही मला का सांगितलं नाही?"

"अगो, तू खारेपाटातली. तुला उधाण काय म्हनून सांगू? मला वाटला, तू घातलाच असशील. आमची रोह्यातली पोर असती तर सांगितला असता."

मी ज्या गावची, त्याच गावचं मी विसरले होते, कारण वहीत मी इंग्रजी महिना आखला होता आणि खाडी तिथीवर चालते.

साहेबांकडे मी एकटीच गेले. भाऊ म्हणाले होते, मी येतो, मी सांगतो मशीन बिघडला. मी नको म्हणाले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. "तक्रार कुणाची आहे?"

"कुणाची नाही साहेब. चूक माझी आहे."

"तक्रार नाही, तर कशाला उकरून काढतेस? सप्टेंबरपर्यंत थांबायचं होतंस."

"सप्टेंबरपर्यंत भात राहणार नाही, साहेब."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, सही झालेला चार्ट मी बदलणार नाही. तिसऱ्या शिफ्टचे लोक राजीखुशीने अदलाबदल करत असतील, तर सह्या आणा. कायमच्या कागदाचं मग बघू, असंही म्हणाले, आणि ते बघू काही मला चांगलं वाटलं नाही.

तिसऱ्या शिफ्टला होती डोंगराकडच्या गावांची माणसं, आणि त्यांची लावणी ऐन भरात. रात्री काम करून दिवसा चिखलात उतरत होती. पहिल्या शिफ्टला यायचं म्हणजे तीन दिवस लावणी बंद. ती शिफ्ट सुटली की सगळी कँटीनमध्ये चहाला थांबत, म्हणून मंगळवारी सकाळी मी आणि भाऊ तिथे जाऊन उभे राहिलो. कांदाभजीचा धूर, ओल्या रेनकोटांचा वास. भाऊंनीच सांगितलं. बशीतला चहा फुर्र करून ओढत एक म्हातारा फिटर म्हणाला, "खारा पानी गेला तर किती वर्सं?"

"तीन," मी म्हणाले.

"आमची लावनी चार दिसांनी झाली तर काय मरत नाय," तो म्हणाला. "आन तो कागद, सही करतो. पर रविवारी तुमची मानसं आमच्या शेतावर पायजेत. आनि ही कंप्युटरवाली बाय पन पायजे."

कँटीनभर हशा पिकला. बारा सह्या झाल्या. पाच कमी पडल्या, म्हणून आमच्यातले पाचजण होते तिथेच राहिले, त्यात दादा एक. तो पहिल्या शिफ्टला गेला आणि तीन दिवस माझ्याशी धड बोलला नाही, कारण बांधावर त्याचे मित्र आणि तो पंपापाशी.

ते तीन दिवस मी आणि भाऊंनी प्रोग्रॅम नव्याने लिहिला. तिथी मशीनला कशी शिकवायची, मला येत नव्हतं. मग भाऊ मांडीवर कॅलेंडर घेऊन बसले आणि वर्षभराच्या पुनवा-आवसा मोठ्याने वाचू लागले, मी टाइप करू लागले. प्रत्येक माणसाच्या नावापुढे एक रकाना वाढवला, बांध आहे की नाही. दुसरा, लावणी आहे की नाही. हळूहळू "बगून करायचा" म्हणजे काय ते बाहेर येऊ लागलं. याची आई अंथरुणावर आहे. त्या दोघांना एका शिफ्टला टाकायचं नाही, जमिनीचा वाद आहे. कासूवाला रेल्वेने येतो, त्याला पंधरा मिनिटं उशीर चालवून घ्यायचा. माणसांची एवढी माहिती भाऊंच्या डोक्यात होती आणि मी तिला चौकोनात बसवायला निघाले होते, तेही तीन नियमांत.

गुरुवारचं पाणी सगळ्यात मोठं. दुपारी एकला मी एसी खोलीत घड्याळाकडे बघत बसले होते. गावात फोन एकच, पोस्टात, आणि पोस्टमास्तरही बांधावर. साडेचारला बस गावाच्या फाट्यावर आली, तेव्हा आप्पा तिथे उभे होते. छातीपर्यंत चिखल, मिशीला चिखल, फक्त डोळे आणि दात तेवढे दिसत होते.

"ऱ्हायला," ते म्हणाले. "उघाडीपाशी दोन हात बसला व्हता, पन पोरा व्हती. ऱ्हायला बांध."

मी तिथेच रस्त्यात त्यांना मिठी मारली. आमच्याकडे बाप-लेकीने मिठी मारायची पद्धत नाही. बसमधले सगळे बघत राहिले आणि माझा एकुलता एक बरा ड्रेस कायमचा गेला.

घरी चालत येताना आप्पांनी मिशीचा चिखल पुसला. मग म्हणाले, "पन तुजा चार्ट चुकला व्हता गो."

"हो आप्पा."

"लय चुकला व्हता."

त्यांच्या आवाजात असा काही सुटल्यासारखा आनंद होता की मला हसू आलं, आणि मग तेही हसायला लागले.

रविवारी आम्ही डोंगराकडच्या शेतावर गेलो. आमच्या खारात रुजवलेलं बी फेकून पेरतात, लावणी मी कधी केली नव्हती. माझी ओळ सापासारखी गेली. "बाय, मशीनला सांगा सरळ करायला," बायका बांधावरून ओरडत होत्या. वहिनी मात्र माहेरच्या शेतात उतरल्यासारखी सपासप पुढे गेली आणि मागे वळून मला वाकुल्या दाखवत राहिली.

कायमचा कागद आला, पण सप्टेंबरमध्ये नाही, डिसेंबरात. तोवर माझ्या खिडकीपाशी रोज सकाळी रांग लागू लागली होती. बहिणीचं लग्न आहे, पालखी आहे, म्हैस व्यायची आहे. नवा चार्ट लागला की तासाभरात त्यावर पेन्सिलीच्या रेघा. साहेब वैतागायचे. मला तो खरडलेला कागद छापलेल्यापेक्षा देखणा वाटायचा.

मग दशक संपत आलं. सालाचे दोनच आकडे लिहिले म्हणून जगभरची मशीनं बंद पडणार, अशी आवई उठली, आणि पेणची पोरं पुणं, मुंबई करत अमेरिकेला पोचली. टायपिंग का म्हणून विचारणाऱ्या बायका स्थळ सांगताना सॉफ्टवेअर इंजिनिअर हा शब्द न अडखळता म्हणू लागल्या. माझंही नाव पदांच्या पायऱ्या चढत गेलं. आता ऐरोलीच्या ऑफिसात चाळीसजण माझ्या हाताखाली आहेत, आणि लोकांना काय हवंय ते विचारून घेणारे वेगळे, लिहिणारे वेगळे, तपासणारे वेगळे. पोरं हुशार आहेत, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त.

मागच्याच महिन्यात एका इस्पितळातल्या नर्सेसच्या ड्युट्यांचं काम आम्ही चालू करून दिलं. आठवड्याने माझ्या टीममधली एक मुलगी उड्या मारत आली. "मॅडम, सात दिवस झाले, एकही तक्रार नाही!"

मी तिला म्हटलं, पर्स घे, आपण इस्पितळात नर्सेसपाशी जाऊन बसू या.